डावा कोपरा, सगळ्यात कमी भार

तुम्ही कधी एका जागी उभं राहून दमला आहात का? आमच्या कबड्डी संघात डाव्या कोपऱ्यात खेळणारी मुलगी रोज तशी दमायची. अर्नाळ्याच्या कोळीवाड्यातली. चढाईला आलेलीचा घोटा धरायचा आणि ती मध्यरेषेकडे कितीही ओढत असली तरी सोडायचा नाही, हे तिचं काम. साखळी करताना तिचा हात माझ्या हातात असायचा.

माझा गुडघा दुखावला तेव्हा सरांनी मला बाहेर बसवलं आणि नव्या पट्ट्यांचं काम दिलं. पट्टी छातीभोवती बांधायची, पाठीशी काडेपेटीएवढा सेन्सर. तो धावणं, उड्या, वळणं मोजायचा आणि सराव संपला की मोबाईलवर प्रत्येकीचा ‘भार’ दाखवायचा. मी ते आकडे वहीत उतरवून मोठ्याने वाचायचे. डावा कोपरा रोज शेवटी.

“सर, खांदा दुखतो,” एकदा ती म्हणाली.

“कशाने? भार तर सगळ्यात कमी तुझा. मैदानाला पाच फेऱ्या मार, मग दुखू दे.”

“सर, मी पलत नाय. मी धरते.”

“मग मशीनलाच धर ना, बाय!” कोणीतरी म्हणालं. सगळ्या हसल्या. तीही हसली आणि फेऱ्या मारायला गेली.

मी हसले नाही, पण बोललेही नाही. घरात कामगार संघटनेच्या पत्रकांच्या गठ्ठ्यांत वाढलेली मी. दुकानात दिवसभर उभ्या राहणाऱ्या मुलींना बसायला स्टूल द्या, अशी पत्रकं मी माणिकपूरच्या रिक्षा स्टँडवर घसा सुकेपर्यंत वाटली होती. तिची पकड काय असते हे माझ्या बोटांना ठाऊक होतं. तरी वहीतला आकडा बघून माझ्याही मनात आलं, कामचुकारपणा तर करत नसेल?

जिल्ह्याच्या निवडीला आठवडा असताना सरावात तिने एक घोटा धरला आणि सोडला नाही. खांदा निखळला. दवाखान्यात नेताना रिक्षात दात आवळून तिने मला विचारलं, “आउट झाली ना ती?”

झाली होती. निवड मात्र हिची हुकली.

त्या दिवसाचा आकडा मी उतरवला. सगळ्यात कमी.

“सेन्सरने सांगायला हवं होतं,” सर वही मिटत म्हणाले.

“तिने सांगितलं होतं, सर.”

हे ओरडून म्हणायचं होतं, पण पुटपुटल्यासारखं निघालं. उशिरा खरं बोलण्यात जोर उरत नाही, नुसता थकवा येतो. तो अजून गेलेला नाही.

तुमच्या मुलीच्या मैदानावर अशा पट्ट्या आल्या असतील तर एवढं करा. वहीत आकड्याच्या आधी एक रकाना आखून घ्या. मोबाईल उघडण्यापूर्वी तिला विचारा, कुठे दुखतंय? ती सांगेल ते तिच्याच शब्दांत लिहा. आणि त्या रकान्यात काही लिहिलेलं असेल, तर त्या दिवशी कोणालाही तिला फेऱ्या मारायला लावू देऊ नका.