दोराखालचा ऊस

दहावी ब मधल्या एका मुलाला शाळेतून काढावं असं मी लेखी दिलं होतं, आणि ज्या गुन्ह्यासाठी त्याला काढायची वेळ आली तो गुन्हा मी स्वतः केला होता.

नव्वदचं दशक तेव्हा अर्ध्यावर आलं होतं. बारामतीत एक खोली भाड्यानं घेऊन मी राहत होतो आणि रोज सकाळी एसटीनं इंदापूर रस्त्यावरच्या एका गावात, तिथल्या हायस्कुलात इतिहास शिकवायला जात होतो. वय सव्वीस, उंची पाच फूट दोन. फळ्याच्या वरच्या पट्टीपर्यंत माझा हात पोचत नसे, त्यामुळे आमच्या वर्गात सगळ्या लढाया फळ्याच्या खालच्या अर्ध्यात व्हायच्या.

नोकरी करता करता एम.एड. करून टाकावं असं डोक्यात शिरलं. त्यासाठी लघुप्रबंध लागतो. माझ्या मार्गदर्शकांनी विषय दिला, 'माध्यमिक शाळेतील विद्यार्थ्यांच्या बेशिस्त वर्तनाची कारणे'. म्हणाले, "सोपा आहे. सामग्री रोज तुमच्यासमोरच बसते."

मी चाळीस प्रश्नांची प्रश्नावली काढली, सायक्लोस्टाइल करून आणली आणि दहावी ब ला वाटली. शाई ओली होती. पहिला परिणाम म्हणजे अख्ख्या वर्गाचे शर्ट खराब झाले आणि त्यांच्या आया माझ्यावर चिडल्या. उत्तरं मात्र भरभरून आली. 'शाळेत उशिरा येण्याचे कारण काय?' यावर निम्म्या वर्गानं लिहिलं होतं, 'आमी पण तुमच्याच गाडीनं येतो, सर.' 'आपणास वाईट मित्र आहेत काय?' यावर एकानं लिहिलं, 'शेजारी बसलाय. त्याला विचारून सांगतो.' आणि 'घरी मारहाण होते काय?' याचं उत्तर होतं, 'होते. पण शाळेच्या मानानं काहीच नाही.'

एवढ्यावर प्रबंध होत नाही. मुलाखती घ्या, असं मार्गदर्शकांनी सुचवलं. मी बारा पोरं निवडली आणि गोपनीयता राखायची म्हणून त्यांना नावांऐवजी क्रमांक दिले. त्यातला विद्यार्थी क्रमांक सात हा माझ्या दृष्टीनं सगळ्यांचा म्होरक्या. उंच, सडसडीत, कायम मागच्या बाकावर. आजोबांच्या वेळेपर्यंत घरात मेंढरं होती, आता बापानं चार एकर ऊस केला होता. पोरगं दहावी होऊन आयटीआयला जावं, चार भिंतींच्या आत सावलीत काम करावं, एवढंच त्या बापाचं म्हणणं होतं. बाप वर्षातनं एकदा शाळेत यायचा आणि वर्गाच्या दाराबाहेर चपला काढून उभा राहायचा.

क्रमांक सातचा मुख्य गुन्हा ऊस ओढणं. थंडीत कारखाना सुरू झाला की आमच्या शाळेसमोरून दिवसभर ट्रॅक्टर जायचे, एकामागं दोन ट्रॉल्या, उसानं शिगोशीग भरलेल्या. शाळेपुढं कालव्याचा पूल होता आणि पुलाला चढ. चढावर ट्रॅक्टर पार मंदावायचा. पोरं मागून पळत जायची आणि ट्रॉलीच्या मागं बाहेर आलेला ऊस ओढून घ्यायची. मधल्या सुट्टीनंतर आमचा वर्ग चघळायचा. वर्गात फरशी दिसायची नाही, चिपाडं दिसायची.

मी क्रमांक सातला शिक्षकखोलीत बसवलं. वही उघडली.

"तुझ्या घरी चार एकर ऊस आहे. खरं का?"

"व्हय, सर."

"मग ट्रॉलीतला कशाला ओढतोस?"

"घरचा गोड लागत नाय, सर."

"उसाची जात वेगळी असते का?"

"त्योच असतोय. कधी कधी आमचाच असतोय. आमच्याच फडातली ट्रॉली असती."

"मग?"

त्यानं माझ्याकडं कीव केल्यासारखं बघितलं. "सांगून कळायचं न्हाय, सर. एकदा ओढून बघा."

मी वहीत लिहिलं, 'उत्तर देण्यास टाळाटाळ करतो.'

पुढं मी कारणं लिहिली. घरचं वातावरण, सिनेमा, संगत, मार्गदर्शनाचा अभाव. ही कारणं मला पोरांनी सांगितली नव्हती, ती वाचनालयातल्या जुन्या प्रबंधात होती. शेवटच्या प्रकरणात उपाय द्यायचे असतात. तेही तिथूनच घेतले. त्यातला एक असा, 'गटाच्या म्होरक्यास वेळीच शाळेपासून दूर केल्यास इतरांचे वर्तन सुधारते.' वाक्य भारदस्त वाटलं. मी त्याच्याखाली लाल रेघ मारली आणि कंसात लिहिलं, 'उदा. विद्यार्थी क्रमांक सात'. मग सगळा कागदांचा गठ्ठा फाइलला लावून मुख्याध्यापकांना वाचायला दिला. नवा मास्तर किती अभ्यासू आहे हे त्यांना कळावं, दुसरा हेतू नव्हता. फाइलच्या शेवटी एक पान होतं. त्यावर मोठ्या अक्षरात 'गोपनीय' लिहिलेलं होतं आणि खाली बाराही क्रमांकांपुढं बाराही पोरांची पूर्ण नावं, तुकडीसकट. ते पान काढून ठेवायचं मी विसरलो.

त्यानंतर चार-पाच दिवसांनी शाळा सुटल्यावर मी पुलापाशी एसटीची वाट बघत उभा होतो. एसटी आली नाही. शिक्षक गेले, पोरं गेली. रस्त्यावर मी, एक बाभळ आणि एक बसलेलं कुत्रं. तेवढ्यात लांबून टेपवर गाणी वाजवत एक ट्रॅक्टर आला. चढाला लागला, मंदावला. माझ्यासमोरून पहिली ट्रॉली गेली, दुसरी गेली. दुसरीच्या मागं एक जाडजूड ऊस हातभर बाहेर आला होता आणि चालीबरोबर हलत होता. मला बोलावतोय असं वाटलं.

मी आजूबाजूला बघितलं. कुत्र्यानं तोंड फिरवलं.

आता एक सांगायला हवं. मी कऱ्हाटीकडचा. आमची बाजू जिरायत, ज्वारी-हरभऱ्याची. लहानपणी आमच्याकडं ऊस पूजेपुरता यायचा. ट्रॉलीतून तो कसा ओढायचा याचं शिक्षण मला मिळालेलं नव्हतं. मी पळत गेलो आणि दोन्ही हातांनी धरून हिसका दिला. ऊस हलला नाही. ट्रॅक्टर थांबला नाही. मी उसाला लोंबकळत, पाय घासत पुलावर चढू लागलो. एक चप्पल मागं राहिली. सोडून द्यावं तर इतक्या लांब आलेलो. शेवटी अंगातलं सगळं बळ लावून ओढला तशी आत काहीतरी करकरलं, ऊस सटकन मोकळा झाला आणि मी रस्त्यावर बसलो. उसासकट.

बाभळीमागं जाऊन मी तो ऊस खाल्ला. पँटची मागची बाजू फाटली होती, एका पायात चप्पल नव्हती आणि तसा गोड ऊस मी पुन्हा कधी खाल्ला नाही. क्रमांक सात टाळाटाळ करत नव्हता, नेमकं उत्तर देत होता, हे तेव्हा कळलं. पुढं ते मी प्रबंधात घातलंसुद्धा. 'कारण पाचवे : गोड लागतो.' मार्गदर्शकांनी ते खोडून समासात लिहिलं, 'संदर्भ द्या.'

दुसऱ्या दिवशी पहिल्या तासाला शिपाई मला बोलवायला आला. मुख्याध्यापकांच्या खोलीत ट्रॅक्टरचे ड्रायव्हर चाचा बसले होते. इंदापूरचे, दाढी पांढरी, त्या रस्त्यावर वर्षानुवर्षं गाडी चालवणारे. बाहेर त्यांचा ट्रॅक्टर आणि भरलेल्या ट्रॉल्या उभ्या होत्या. कोपऱ्यात क्रमांक सात मान खाली घालून उभा होता. आणि दाराबाहेर त्याचा बाप, चपला काढून.

"काल तुमच्या पोरानं ऊस ओढला," चाचा मुख्याध्यापकांना सांगत होते. "आमी काय उसाला न्हाय म्हणत न्हाय. पोरं हायती, खाणारच. पण ह्यानं दोर ढिला केला. पूल उतरून वळणावर गेलो तर निम्मी ट्रॉली रस्त्यावर! अंधार पडस्तोवर उचलत व्हतो. कारखान्यावरचा रांगेतला नंबर गेला, रात्रभर यार्डात बसलो, पहाटं गाडी खाली केली आन् आता दुसरी खेप भरून हितं थांबलोय."

मागं काय झालं ते मला माहीतच नव्हतं. मी तर बाभळीमागं होतो.

"कोण होता, दिसला का?" मुख्याध्यापकांनी विचारलं.

"आरशात दिसला तेवढा. पांढरा शर्ट, खाकी प्यांट."

आमच्या शाळेचा गणवेश तोच. माझा शर्टही पांढरा होता. पँट बिस्किटाच्या रंगाची होती, पण आरशाला एवढं कुठलं कळतंय.

मुख्याध्यापकांनी ड्रॉवरमधून माझी फाइल काढली. शेवटचं पान उघडलं, मग लाल रेघ मारलेलं पान उघडलं. "सरांनी संशोधन करून ठेवलंय. म्होरक्या कोण, उपाय काय, सगळं आहे. आज दाखला हातात देतो." मार्चमध्ये बोर्डाची परीक्षा होती. दाखला हातात पडला की परीक्षा गेली, वर्ष गेलं, आयटीआय गेलं. हे खोलीतल्या सगळ्यांना माहीत होतं. बापाला जास्तच. त्यानं दाराची चौकट धरली.

"मी न्हाय ओढला, सर," पोरगं म्हणालं. "काल दुपारनंतर मी शाळेतच नव्हतो."

"मग कुठं होतास?"

"बारामतीला. पिक्चरला."

"बघा," मुख्याध्यापक माझ्याकडं वळले. "सिनेमा. तुमचं कारण दुसरं."

"भाड्या," बाप बाहेरून म्हणाला, "चोरी केली न्हाय म्हणून आता हे ऐकायचं व्हय मी?"

मी घसा साफ केला. "सर, संशोधनाच्या दृष्टीनं बघितलं तर एका निरीक्षणावरून निष्कर्ष..."

"निष्कर्ष तुम्हीच काढलाय."

"त्यात एक त्रुटी राहिली आहे."

"कुठली?"

शिपायानं दाखल्याचं पुस्तक टेबलावर आणून ठेवलं. मुख्याध्यापकांनी पेनाचं टोपण काढलं. त्या टोपणाचा टक असा आवाज झाला आणि माझं संशोधन संपलं.

"ऊस मी ओढला, सर."

मुख्याध्यापकांनी पेन खाली ठेवलं. उठून माझ्या खांद्यावर हात ठेवला. डोळ्यांत पाणी. "सर, तुमचं मन मोठं आहे. पण विद्यार्थ्यासाठी एवढं खोटं बोलू नये."

"खोटं नाही. खरंच मी ओढला."

"बघा, चाचा! असे शिक्षक आता राहिले नाहीत."

मी फाटलेल्या पँटचं सांगितलं, चपलेचं सांगितलं, बाभळीमागची चिपाडं दाखवतो म्हणालो. जितकं सांगेन तितकं माझं मन त्यांना मोठं दिसू लागलं. पेन परत हातात आलं. तेवढ्यात कोपऱ्यातून क्रमांक सात म्हणाला, "चाचा, दोर ढिला झाला म्हंजी ऊस दोराखालचा ओढला, न्हवं का?"

"व्हय. जाडजूड. मोळीतला मधलाच."

"मग आमच्यातलं कुणी न्हाय." पोरानं पहिल्यांदा मान वर केली. "आमी दोराखालचा कधी ओढत न्हाय. कडंचा सुटा बघायचा, बुडखा धरून आधी पिळायचा, मग ट्रॅक्टर खड्ड्यातनं जाताना सोडवायचा. दोराखालचा ओढला तर मोळी येती अंगावर. दुसरीतलं पोरगं बी सांगंल."

चाचा थांबले. दाढी खाजवली. "खरं हाय. मला बी कालपास्नं त्येच कोडं पडलंय. एवढा येडा कोण?" मग ते माझ्याकडं वळले. पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. त्याला फार वेळ लागला नाही. "गुर्जी, चला बाहेर. ओढून दावा."

आम्ही सगळे बाहेर आलो. वर्गांच्या खिडक्या पोरांनी भरून गेल्या. मी भरल्या ट्रॉलीच्या मागं उभा राहिलो. मागं पाच-पन्नास ऊस बाहेर आले होते, सुटे, कडेचे, सहज निघणारे. देवाशप्पथ सांगतो, मला त्यांतला एकच दिसला. जाड, मधला, दोराच्या बरोबर खाली. मी दोन्ही हातांनी धरला, पाय ट्रॉलीला लावला आणि हिसका दिला. दोर करकरला.

"सोडा! सोडा, गुर्जी!" चाचा ओरडले. त्यांनी मला कमरेला धरून मागं ओढलं. "ह्योच! कालचा ह्योच! हेडमास्तर, लिहून घ्या. असं लोंबकळतंय ते आख्ख्या रस्त्याला एकच मानूस हाय."

खिडक्यांतून टाळ्या वाजल्या. मुख्याध्यापक चष्मा पुसत होते, त्यांना माझं मन पुन्हा मोजावं लागत होतं. दाखल्याचं पुस्तक शिपायानं न सांगताच परत नेलं. मी सगळ्यांदेखत चाचांची माफी मागितली, मग क्रमांक सातची मागायला वळलो, तर तो आत्ताच्या ओढाओढीत माझ्या पायातून निसटलेली चप्पल हातात घेऊन उभा होता. ती पुढं करून म्हणाला, "सर, पण गोड लागला का न्हाय?"

मी मान डोलावली.

त्याचा बाप इतका वेळ कडेला उभा होता. त्यानं माझ्याकडं बघितलं, ट्रॉलीकडं बघितलं, दोराकडं बघितलं. मग आपल्या चपला पायात घातल्या आणि मुख्याध्यापकांना म्हणाला, "पोराला शाळंत ऱ्हाऊ द्या, हेडमास्तर. काळजी करू नका. ह्या गुर्जींच्या हाताखाली शिकून ते चोर बी धड व्हायचं न्हाय."