दोन बोटं मिटलेला हात

आमचं गाणं आता शहराचं झालं, असं सगळे म्हणतात. टेनिस बॉलच्या स्पर्धेत षटकार गेला की डीजेवर तेच वाजतं, कबड्डीत पकड झाली तरी तेच. मला मात्र ते ऐकवत नाही. हे कुणाला नीट सांगता येत नाही, कारण गाण्याचे शब्द माझे आहेत आणि मी उगाच भाव खातोय असं लोकांना वाटेल.

गाणं झालं मोशीत, मित्राच्या इमारतीखालच्या रिकाम्या गाळ्यात. मित्र तिथल्याच मूळ गावातला. त्यांचं शेत होतं तिथे आता इमारत आहे. तो गिटार वाजवून गायचा, दुसरा एक जण ड्रम बडवायचा. शटर अर्धं ओढलं की आवाज पत्र्यावर आपटून कानात शिरायचा. मला काहीच वाजवता येत नव्हतं. मी सिमेंटच्या गोण्यांवर बसून शब्द लिहायचो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. लिहिण्यासारखं दुसरं काही ठाऊक नव्हतं, म्हणून वडिलांचं काम लिहिलं.

वडील मराठवाड्यातून आले आणि चाकणजवळच्या एका शेडमध्ये पॉवर प्रेसवर, म्हणजे पत्रा ठोकून आकार देणाऱ्या मशीनवर, लागले. प्रेसला दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी एकदम दाबायची, म्हणजे ठोका पडताना हात आत राहत नाही. पण त्यात वेळ जातो. म्हणून त्या शेडमध्ये एक बटण पट्टी लावून कायमचं दाबून ठेवायची पद्धत होती. एका हाताने पत्रा सरकवायचा, दुसऱ्याने उरलेलं बटण दाबायचं. सुपरवायझरला ते दिसत असायचं. तो मागून ओरडायचा, "दाब रे दाब, माल निघू दे!" अशातच वडिलांच्या उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट गेलं.

ती ओरड हेच आमचं धृपद. ड्रमचे ठोके प्रेसचे. शेवटी मित्र शेवटची दोन बोटं मिटून हात वर करायचा. कॉलेजच्या गॅदरिंगला पहिल्यांदा म्हटलं तेव्हा बराच वेळ कुणी टाळी वाजवली नाही. मला ते बरं वाटलं होतं. वडिलांना मात्र ऐकवायचं धाडस झालं नाही. त्या हाताविषयी आमच्या घरात कुणी बोलत नाही. चारचौघांत ते तो खिशात ठेवतात.

मग गॅदरिंगचा व्हिडिओ एका डीजेवाल्याच्या हाती लागला. त्याने कडवी काढून टाकली, धृपद तेवढं ठेवलं आणि ठोके दणदणीत केले. बघता बघता मैदानावरची पोरं दोन बोटं मिटून हात नाचवायला लागली. एका संघाने तर तो हात टी-शर्टच्या छातीवर छापून घेतला.

मी मित्राला म्हणालो, "त्यांना बंद करायला सांग ना."

"येडा का तू? अख्खं शहर आपलं गाणं म्हणतंय राव!"

"कशाचं गाणं आहे ते तरी माहितीये का त्यांना?"

"माहिती पायजे कशाला? भावा, तू लय विचार करतो."

वडील आता दुसऱ्या कंपनीच्या गेटवर वॉचमन असतात. त्या कंपनीचा संघ फायनलला गेला तेव्हा ते मला म्हणाले, "चल की, बघून येऊ." त्यांनी मला असं कुठे चल म्हटलेलं मला आठवत नाही. नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं. मी गेलो. त्यांच्या संघाकडून एकही षटकार जाऊ नये, असं मला वाटत होतं.

षटकार गेलाच. स्पीकरमधून सुपरवायझरची ओरड सुटली आणि लोक खुर्च्यांवर चढले. तोंडात गुटखा, पायाखाली वडापावचे कागद, आणि सगळे खुशीत ओरडतायत, दाब रे दाब. वडीलही उठले. आनंदात त्यांचा उजवा हात खिशातून निघून वर गेला.

"काका, एक नंबर!" शेजारचा तरुण ओरडला. "बघा रे, काकांना कसं बरोबर जमतंय! थांबा, सेल्फी!" त्याने वडिलांचं मनगट धरून हात आणखी वर ओढला. मग त्याने जवळून पाहिलं. हात पटकन सोडला आणि आपला तळवा टी-शर्टला पुसला. छातीवर छापलेल्या त्याच हातावर.

इतकी किळस मला शेडमधल्या त्या सुपरवायझरचीही आली नव्हती. वडिलांनी हात खिशात घातला. "चल," म्हणाले. मॅच अर्धी राहिली होती.

मी गाडी काढली, ते मागे बसले. सिग्नलला म्हणाले, "ते ठोके आपल्या प्रेससारखेच हायत. कुणी केलंय रे हे गाणं?"

"शब्द मी लिहिलेत."

सिग्नल सुटला. मागच्यांनी हॉर्न वाजवले. मी गाडी कडेला घेतली.

"पुढं-मागं आणखी हाय का काही?"

"आहे. ते काढून टाकलंय त्यांनी."

"मग ते म्हण."

मला गाता येत नाही. मी हेल्मेट काढून कडवी नुसती म्हणून दाखवली. बटणावरची पट्टी, पत्रा, घरी आल्यावर डाव्या हाताने कालवलेला भात. ते खाली रस्त्याकडे बघत ऐकत होते. मी धृपदापाशी आलो तेव्हा त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, उजवा.

"ते राहू दे," म्हणाले. "पुढचं म्हण."