भरलेला सिलिंडर

महाडला आमच्या आळीत गॅसचा टेम्पो घेऊन एक माणूस येतो. इतक्या वर्षांत मी त्याचं नाव विचारलेलं नाही. झोपलेलं मूल खाली ठेवावं तसा तो खांद्यावरचा सिलिंडर अलगद टेकवतो.

मी शाळेत भूगोल शिकवतो. परवा तो आला तेव्हा जगाचा नकाशा पसरून मी नैसर्गिक वायूचे साठे रंगवत होतो. रशिया, इराण, कतार. "एवढा जाळतोय आपण, तरी नवे साठे सापडतात आणि शिल्लक वाढतेच," मी त्याला ऐटीत सांगितलं.

त्याने ओलं फडकं मागून आमच्या चालू सिलिंडरवरून फिरवलं. वरचा भाग लगेच वाळला, खालचा ओला राहिला.

"गॅस हाय तिथवर ओल टिकते," तो म्हणाला. "उमरठकडं एक म्हातारी हाय. माझी गाडी दिसली की फडकं घेऊनच उभी. कधी बघा, सिलिंडर भरलेला. स्वतः चुलीवर रांधते. गॅस मुंबईच्या मुलासाठी ठेवलाय, तो आला की झटपट चहा करायला."

"मग?"

"मग काय गुरुजी! शिल्लक हाय म्हणजे चांगलंच, असं नाय. कधी कधी यायचं माणूस आलेलं नसतं."

रिकामा सिलिंडर उचलून तो गेला.

पोलादपूरला माझी आई एकटी राहते. तिला एक सिलिंडर वर्षभर पुरतो, आणि ती किती काटकसरी आहे हे मी आजवर सगळ्यांना कौतुकाने सांगत आलो होतो.