उसवलेलं पान

गळ्यात नाडीला बांधलेली कात्री, म्हणून सगळी शाळा त्यांना कात्रीबाई म्हणायची. बावीस वर्षं पहिलीचाच वर्ग. घरी सून म्हणे, सासूबाईंपुढे औषधाचं खोकं टिकत नाही. गोळ्या उघड्यावर आणि खोक्याची मोटार होऊन शाळेत.

चित्रांची पुस्तकं मोठ्या बाईंच्या कपाटात, कुलपात. त्यातलं एक, बोडक्या झाडाच्या गोष्टीचं, त्यांनी मोठ्या मुश्किलीनं दिलं आणि बजावलं: ओरखडा जरी उठला तरी हस्तकलेच्या तासाला पाढे. हा तास म्हणजे कात्रीबाईंचा जीव की प्राण.

त्यांनी गोष्ट वाचली. पोरांनी फरशीवर खडूनं झाड काढलं. कुणी वारा झालं, कुणी पाखरू. मग बाई म्हणाल्या, उद्या या झाडासाठी एकेक पान आणा.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी हिरवी-पिवळी पानं आणली. पुस्तकं शिवणाऱ्या बाइंडरच्या चिमुरडीनं मात्र दप्तरातून काढलं पुस्तकाचं पान, झाडाच्या चित्राचंच. बाईंनी मांडणीवरचं पुस्तक उचललं तर ते पत्त्यांसारखं विखुरलं. तिच्या घरी पान म्हणजे कागदच. झाडाला लागतो तो पाला.

"फाडलं नाही बाई," ती म्हणाली. "टाका उसवला."

खरंच, कुठे चीरसुद्धा नव्हती. कात्रीबाईंनी हसू गिळलं. पुस्तक सुटलंच आहे तर सुटं वापरू, म्हणत त्यांनी दोघादोघांत एकेक पान वाटलं. त्यावरच्या चित्राच्या पुढे काय झालं असेल, ते पोरांनी कोऱ्या कागदावर पाला चिकटवून दाखवायचं.

दुपारी तो सगळा ढीग घेऊन त्या स्वतःच मोठ्या बाईंपुढे उभ्या राहिल्या. चूक माझ्या तोंडची, म्हणाल्या, पाला म्हणायला हवं होतं. मोठ्या बाई पाढ्यांवर अडून बसल्या.

"परवापर्यंत थांबा," कात्रीबाई म्हणाल्या. "पुस्तक परत येईल, ते बाळसं धरून. नाही आलं तर एकोणतीसचा पाढा मीच म्हणून दाखवते."

बाइंडरनं लेकीला शेजारी बसवून पुस्तक शिवलं, छापील पानाआड पोरांचं एकेक.

मोठ्या बाईंनी ते दोनदा चाळलं. मग चिमुरडीला विचारलं, आता यात पानं किती गं?

"कुठली, बाई? बाबांची की झाडाची?"

मोठ्या बाईंनी कपाट उघडलं आणि दुसरं पुस्तक कात्रीबाईंच्या हातात ठेवलं.

"हे पिनांचं आहे," त्या म्हणाल्या. "तरी हिला लांबच बसवा."

चिमुरडी मान वाकडी करून पिना बघत होती.