सोडून दिलेलं नाव

सिग्नलला पुढच्या रिक्षामागे ताईच्या गाण्याच्या क्लासच्या वेबसाइटचं नाव अजून रंगवलेलं दिसलं. एका शब्दाचं, देखणं नाव. पहिल्या वर्षी स्वस्तात मिळालं, पुढे मात्र ते टिकवायला नाव देणारी कंपनी दरवर्षी वीस हजार मागायची.

"एवढ्यात नवी पेटी येईल," मी म्हणायचो.

"सोडवत नाही रे," ताई म्हणायची.

ती गेल्यावर मी पैसे भरले नाहीत. माणूस गेलं तरी नाव घरातच राहतं, असं वाटायचं. हे भाड्याचं होतं.

घरी येऊन तिच्या त्याच नावाच्या पत्त्यावर मेल टाकला, 'ताई, रिक्षा दिसली.' बंद पत्त्यावरचा मेल लगेच परत येतो.

हा आला नाही. मी सोडलेलं नाव दुसऱ्या कोणीतरी घेतलंय, ताईची पत्रं आता तेच उघडतं आहे.