वाढत्या अंगाचं झबलं

मास्तरांकडे लहान मुलाचे कपडे शिवायला टाकायचे म्हणजे अंगी धीर लागायचा. कपडे वेळेवर मिळायचे, शिवणही नाकासमोर सरळ असायची, पण एकदा अंगात घातले की आत पोर नेमकं कुठे आहे ते शोधावं लागायचं. खांदा दंडावर, बाह्या बोटांच्या पुढे. तक्रार केली की मास्तर चष्म्यावरून बघत म्हणायचे, "वाढत्या अंगाचं आहे." त्यांच्या हातचा शर्ट पहिल्या वर्षी मोठा व्हायचा, दुसऱ्या वर्षी बेताचा, आणि तिसऱ्या वर्षी धाकट्या भावाला मोठा व्हायचा.

यात त्यांची लबाडी नव्हती. पोराच्या अंगाला टेप लावला की वाढीचं माप हात आपोआप धरायचा, डोक्याला विचारायचाही नाही.

बायको गेल्यावर मास्तर दुकानातच रमले होते. मागे दोन खोल्या, पुढे दुकान. मुलगा नोकरीनिमित्त सदा फिरतीवर. सून चष्म्याच्या दुकानात लोकांचे नंबर तपासायची, आणि ती कामावर गेली की तिची लेक दुकानात कापडाच्या गठ्ठ्यांमध्ये मुक्कामाला असायची. तिचं खरं नाव चांगलं लांबलचक होतं, पण मास्तर तिला गुंडी म्हणायचे. शिंप्याच्या नातीने याहून जास्त अपेक्षा ठेवू नये.

सून जन्माची शाकाहारी, अंडंसुद्धा न खाणारी. मास्तरांना सगळं चालायचं, फक्त सून आल्यापासून ते बाहेर चालायचं. लेक मोठी होऊन स्वतः ठरवेपर्यंत माझ्यासारखंच खाईल, असं तिने सांगितलं तेव्हा मास्तरांनी मान डोलावली होती. पुढे ती कामावर परत जायला निघाली तेव्हा तर त्यांनी शब्दच दिला, की तुझ्या डब्याबाहेरचं काही माझ्या हातून तिच्या तोंडात जाणार नाही. तरीही सुनेने आपल्या दुकानाशेजारच्या पाळणाघरात नाव घालून ठेवलं होतं. गुंडी वर्षाची झाली की बघू, म्हणाली होती. ते 'बघू' मास्तरांच्या गळ्यात काट्यासारखं अडकलं होतं. गुंडी गेली तर दुकानात शिलाई मशीन आणि ते, एवढेच उरणार होते.

डबा मात्र बघण्यासारखा असायचा. मऊ शिजवलेली डाळ, कुस्करलेले वाटाणे, दाण्यांची पातळ पेस्ट, दही, एखादं आंबटगोड फळ. शिवाय डॉक्टरांनी दिलेले जीवनसत्त्वाचे थेंब. गुंडी यातलं निम्मं खायची, पाव भाग केसांना लावायची आणि उरलेलं गिऱ्हाइकांच्या कापडावर ठेवून द्यायची.

सगळं सुरळीत चाललं होतं, पण शेजारचा इस्त्रीवाला गप्प बसेल तर शपथ. एक दिवस इस्त्री गरम व्हायची वाट बघत तो गुंडीला न्याहाळत राहिला आणि सहज बोलून गेला, की पाल्यावर शेळी वाढते मास्तर, माणसाच्या पोराला अंडं-मटण लागतं. मास्तरांनी त्याला झाडलं. पण बोलणं आत जाऊन बसलं.

वाढदिवस जवळ आला तसं मास्तरांनी नवं झबलं कापायला काढलं. गुंडी बसायला लागली तेव्हा तिच्यासाठी कागदाचा एक साचा कापला होता, तो खिळ्यावरून उतरवून टेबलावर पसरला. गुंडीला त्यावर निजवलं, केवढी वाढली ते बघायला. आणि त्यांच्या हातातला खडू खाली पडला. खांद्याला खांदा, काखेला काख. पोरगी साच्यात अगदी चपखल बसली होती. म्हणजे एवढे महिने गेले आणि ती बोटभरही वाढली नव्हती.

उभा जन्म मापं घेण्यात गेलेला माणूस, पण काळजी शिरली की अक्कल मागच्या दाराने बाहेर पडते. मास्तरांनी कुणाला काही सांगितलं नाही. सुनेला सांगावं तर ती म्हणणार, तुमच्या देखरेखीखाली हे झालं, आणि पाळणाघर ठरलेलं. म्हणून त्यांनी गुपचूप दुधाचा मारा सुरू केला. डब्यात दही असतंच, मग दूध काही डब्याबाहेरचं नव्हे, अशी मनाची समजूतही घातली. सकाळी बाटली, जराशाने बाटली, रडली की बाटली. गुंडी तुडुंब. मग डाळीचा चमचा पुढे आला की तोंड मशीनकडे. डबा जसाच्या तसा परत जायला लागला, आणि मास्तरांची खात्रीच पटली, की पोरीची भूकही मेली.

तेव्हा एका दुपारी ते उकडलेलं अंडं घेऊन आले. खिशात लपवून, चोराच्या पावलांनी, स्वतःच्याच दुकानात. बलक वाटीत कुस्करला. चमचा पुढे केला, आणि इतके दिवस सगळ्याला नकार देणाऱ्या गुंडीने आजोबांच्या हाताकडे बघून आ केला. त्यात काय आहे ते तिने पाहिलंही नाही. मास्तरांना आपली फार लाज वाटली. चमचा मागे घेऊन त्यांनी ते अंडं स्वतःच खाल्लं, तेही इतक्या घाईने, की ठसका लागून डोळ्यांतून पाणी आलं. गुंडीने या करमणुकीला टाळ्या वाजवल्या.

संध्याकाळी सून आली, डबा उघडला आणि तशीच स्टुलावर बसली. ओरडली असती तर मास्तरांना बरं वाटलं असतं. ती हळूच म्हणाली, "बाबा, माझंच चुकतंय का हो? माझ्या हट्टापायी तिची आबाळ होतेय. मी अंडं सुरू करू का?"

मास्तरांना हवं होतं ते आयतं पुढ्यात आलं होतं. नुसतं 'हो' म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण जी बाई दिवसभर लोकांना ठामपणे ओळी वाचायला लावायची, तिचा आवाज असा खचलेला त्यांना ऐकवेना. त्यांनी सगळं सांगून टाकलं. दूध सांगितलं, अंडं सांगितलं, ते कुणी खाल्लं तेही सांगितलं, आणि शेवटी साचा आणून तिच्यासमोर ठेवला. "ही बघ. होती तेवढीच आहे."

सून साच्याकडे बघत राहिली. मग गुंडीच्या अंगातल्या झबल्याकडे. "बाबा, हे याच साच्यावरचं ना? आधी याच्या बाह्या दुमडायला लागायच्या. आता कुठे दुमडतोय आपण?"

मास्तरांनी बाही खाली ओढून पाहिली, ती मनगटाशीच संपली.

"साचा कापताना वाढीचं धरलं होतं का तुम्ही?"

"म्हणजे काय," मास्तर दुखावल्या सुरात म्हणाले. "वाढीचं न धरता मी पोराचं कापड कधी..." आणि तिथेच त्यांचं तोंड उघडं राहिलं. वाक्य पुरं करायची गरजच नव्हती. गुंडी साच्याएवढी झाली होती, म्हणजे त्यांनी धरलेली सगळी वाढ तिने भरून काढली होती. सुनेला हसू आवरेना आणि रडूही आवरेना, दोन्ही एकदम सुरू झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं गुंडीला घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेली. त्यांनी वजन-उंची पाहिली, सगळं ठीक असल्याचं सांगितलं आणि आजोबांना मात्र फैलावर घेतलं. वर्षाच्या सुमारास वाढीचा वेग मंदावतोच, भूक आज आहे उद्या नाही अशी असते, आणि पोट दुधाने भरल्यावर डाळ बसणार कुठे. दूध बेताचं, तेही कपाने. डाळीसोबत काहीतरी आंबट, म्हणजे तिच्यातलं लोह अंगी लागतं. थेंब चुकवायचे नाहीत. मास्तर शाळेतल्या पोरासारखे हो हो करत राहिले. तिथून सून कामावर गेली.

दिवसभर त्यांचं कामात लक्ष नव्हतं. एक कॉलर उलटी लावली. अंड्याचं सांगितल्यावर सून काही बोलली नव्हती, आणि तिचं न बोलणं त्यांना पोखरत होतं. संध्याकाळी ती आली, तेव्हा गुंडी मास्तरांच्या मांडीवर बसून डाळ चाटत होती. सुनेने डबा उघडला, तो जवळजवळ रिकामा होता. ती म्हणाली, "पाळणाघरात आज सांगून आले. जागा नको म्हटलं."

मास्तरांनी विचारलं, "अंड्याचं कळल्यावरही?"

"कळल्यावर नाही. तुम्ही सांगितल्यावर."

मास्तर रडले. डोळे टिपायला गळ्यातला टेपही नव्हता, तो गुंडीच्या तोंडात होता. तिने तो काढला आणि डाळीने भरलेला हात आजोबांच्या गालावर ठेवला.