ग्रुपवर न टाकलेला डॉक्टर

आमच्या मुलुंडच्या सोसायटीत तळमजल्यावर एक काका राहतात. सोसायटीच्या ग्रुपवर कुणी नुसतं शिंकलं तरी पहिलं उत्तर त्यांचंच येतं. आधी हळदीचा व्हिडिओ, मग कुठल्यातरी सर्जनची मुलाखत आणि शेवटी जोडलेल्या हातांचा इमोजी.

माझा खांदा आखडला, तेव्हा मी ग्रुपवर चांगला डॉक्टर विचारला. काकांनी धडाधड नावं पाठवली, सगळे फॉलोअर्सवाले. त्यातल्या एकाने माझ्या खांद्यापेक्षा स्वतःच्या कॅमेऱ्याकडेच जास्त पाहिलं. दुसऱ्याने तपासण्याआधीच पाच स्टारचा रिव्ह्यू मागितला. हात काही वर जाईना.

शेवटी ऑफिसातल्या मैत्रिणीने भांडुपचा एक जुना दवाखाना सांगितला. गेले, तर बाहेरच्या बाकड्यावर काका! फोन खिशात आणि चेहरा चोरी पकडली गेल्यासारखा.

"काका, तुम्ही इथे?"

"मी कायम इथेच येतो गं," ते कुजबुजले. "हा माणूस हात लावून बघतो, ऐकून घेतो."

"मग ग्रुपवर का नाही सांगितलंत?"

"वेडी आहेस का? मग आपला नंबर कधी लागणार?"

आणि सरकून त्यांनी मला शेजारी जागा दिली.

डॉक्टरांच्या औषधाने आणि व्यायामाने खांदा मोकळा झाला. परवा ग्रुपवर कुणीतरी गुडघ्यासाठी डॉक्टर विचारला. काकांनी लगेच त्या कॅमेऱ्यावाल्याचं नाव टाकलं.

बऱ्या झालेल्या हाताने मी काकांच्या त्या मेसेजला अंगठा दिला.